ओव्याचा काढा आणि सासूबाईंचं पोट

आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढला तरी हलत राहतो, हे मी बी.फार्म.ला असताना परीक्षेत लिहिलं होतं आणि त्याचे मार्कही मिळवले होते. प्रत्यक्षात मात्र ते मी पाहिलेलं नव्हतं. प्रॅक्टिकलच्या दिवशी आमच्या टेबलावरचं आतडं हललंच नाही, म्हणून शेजारच्या टेबलावरची रेघ पाहून आम्ही वहीत आमची रेघ काढली होती. खरं आतडं खरं हलताना मी पाहिलं ते दिल्लीजवळ फरीदाबादला, नोकरीच्या तिसऱ्या दिवशी.

ही नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. लग्न होऊन मी पुण्याहून आले तेव्हा आमच्या सेक्टरमध्ये निम्मे प्लॉट रिकामे होते, आणि उरलेल्या निम्म्यांवर विटांचे ढीग होते. नवरा ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीयर होता. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. सासरे केंद्र सरकारच्या नोकरीत होते, त्यामुळे सासूबाईंची तीस वर्षं दिल्लीच्या सरकारी क्वार्टर्समध्ये गेली होती. सासरे गेल्यावर त्या आमच्याबरोबर या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या.

मला नोकरी लागली ती जडीबुटीची औषधं बनवणाऱ्या एका लहान कंपनीत. बाजार नुकता खुला झाला होता. बाहेरची थंड पेयं, नूडल्स, पिझ्झा सगळं दिल्लीत येत होतं, आणि आमच्या मालकांचा हिशोब साधा होता: लोक हे सगळं खाणार, म्हणजे लोकांना पाचक गोळी लागणार. पण नव्या जमान्यात नुसतं ‘दादीमाँ का नुस्खा’ म्हणून चालणार नाही, तपासलेलं हवं, म्हणून त्यांनी कारखान्याच्या मागे दोन खोल्यांची प्रयोगशाळा काढली होती. तिथे एक वयस्कर शास्त्रज्ञ होते, मेडिकल कॉलेजातून निवृत्त झालेले. बारा महिने बिनबाह्यांचं स्वेटर घालत. सगळे त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांच्या हाताखाली मी एकटीच.

त्या तिसऱ्या दिवशी सरांनी सशाच्या आतड्याचा अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा एका उभ्या काचनळीत टांगला. नळीत कोमट खारं पाणी, खालून हवेचे बुडबुडे. तुकड्याचं वरचं टोक दोऱ्याने एका हलक्या काडीला बांधलेलं, आणि काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदाला टेकलेलं. तो कागद एका ढोलावर गुंडाळलेला होता, आणि ढोल इतका सावकाश फिरत होता की फिरतोय हे कळायला टक लावून बघावं लागे.

“अब देखिए,” सर म्हणाले.

पहिली काही मिनिटं काहीच झालं नाही. मला कॉलेजची आठवण झाली. मग काडी किंचित खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली. काजळीवर पांढरी रेघ उमटू लागली, डोंगर आणि दरी, डोंगर आणि दरी, एकसारख्या उंचीची. तो तुकडा आखडत होता, सैल होत होता. त्याच्यामागे पोट नव्हतं, मेंदू नव्हता, रक्त नव्हतं, अन्नही नव्हतं. कोणी त्याला सांगत नव्हतं. ऊब आणि हवा मिळतेय एवढ्यावर तो आपलं काम करत होता. मी किती वेळ उभी होते मला आठवत नाही. सरांनी खुर्ची पुढे सरकवली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली आहे.

पुढच्या काही महिन्यांत आम्ही एकेक वनस्पती त्या नळीत घातली. बडीशेप, पुदिना, हिंग, सुंठ, ओवा. ओव्याचा अर्क पडला की डोंगर लहान होत जात आणि थोड्या वेळाने रेघ जवळजवळ सपाट होई. पहिल्यांदा मला वाटलं, मेलं. सरांनी नळीतलं पाणी काढून टाकलं, नवं कोमट पाणी भरलं, पुन्हा काढलं, पुन्हा भरलं. आणि काडी हलली. आधी लहान टेकडी, मग मोठी, मग पूर्वीसारखेच डोंगर. मेलं नव्हतं, नुसतं स्वस्थ पडलं होतं. पोटात कळ येते तेव्हा आतडं असंच आवळून बसतं आणि ओवा त्याला सैल करतो, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. माझ्या लहानपणी पोट दुखलं की आई ओवा चावायला द्यायची, आणि तिच्या आईनेही तिला दिला असणार. त्यांच्यापैकी कोणीही आतडं पाहिलेलं नव्हतं. त्यांना कसं कळलं असेल, हा विचार घरी जाताना रिक्षात माझ्या डोक्यातून जात नव्हता.

घरी सासूबाईंचा ओवा होता. बिस्किटांच्या एका चौकोनी डब्यात त्यांनी औषधं ठेवली होती: ओवा, बाळहिरडा, सुंठ, मुरुडशेंग, पुदिन्याची वाळवलेली पानं. ओवा पहाडगंजच्या एका ठरावीक दुकानातलाच लागे. फरीदाबादचा ओवा म्हणजे नुसता भुसा, असं त्यांचं ठाम मत होतं. आमच्या जिन्यातले पंजाबी, बंगाली, मल्याळी, सगळे त्यांच्याकडे येत. “माताजी, बच्चे का पेट दुख रहा है,” असं कोणी दारातून म्हटलं की डबा उघडायचा आवाज येई. आणि लोकांना खरंच बरं वाटे.

बरं वाटत नव्हतं ते त्यांचं त्यांना. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता. त्या हिवाळ्यापासून त्या दोन घास खाऊन ताट सरकवू लागल्या. “पोट तुडुंब झालं बघ,” म्हणायच्या. मळमळ होई. कधी संध्याकाळी उलटी होई आणि तीत सकाळची पोळी तशीच दिसे. पोट जड वाटलं की त्या ओव्याचा काढा घेत. आधी दिवसातून एकदा घेत, मग तीनदा. वर पुदिन्याचं पाणी. ब्लाउज अंगावर ढगळ होऊ लागले.

मला संशय आला तो एका सोमवारी, प्रयोग चालू असताना. काडी सपाट रेघ ओढत होती आणि मला एकदम सासूबाईंचा काढ्याचा पेला आठवला. ज्याचं आतडं आवळलंय त्याला हे ठीक. पण ज्याचं पोट आधीच चालत नाही, त्याला आणखी स्वस्थ करून कसं चालेल? मी सरांना सगळं सांगितलं.

ते लगेच म्हणाले, “नळी म्हणजे माणूस नव्हे. मी जनावरांच्या आतड्यांचा माणूस आहे. त्यांना हॉस्पिटलमध्ये न्या, आणि लवकर.” हे ते हिंदीत म्हणाले, पण इतक्या गंभीरपणे, की मी त्याच आठवड्यात रजा घेतली.

दिल्लीच्या एका मोठ्या रुग्णालयात आम्ही तिघं गेलो. सासूबाईंना तपासणारी डॉक्टर तरुण होती, शांतपणे ऐकून घेणारी. ती म्हणाली, पोटातून अन्न पुढे सरकतंय का, हे आपण बघू या. त्यासाठी तळघरात एक विभाग होता. तिथे सासूबाईंना इडली खायला दिली. त्या इडलीत अगदी थोडं किरण सोडणारं औषध मिसळलेलं होतं, म्हणजे ती पोटात कुठे आहे ते यंत्राला दिसणार होतं.

सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि त्या माझ्याकडे वळल्या. “मीठच नाही हिच्यात.”

“आई, ही तपासणीची इडली आहे.”

“म्हणून काय झालं? तपासणीच्या माणसाला जीभ नसते?”

तिथला तंत्रज्ञ मद्रासकडचा होता. त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो हसला. मग त्यांना यंत्रासमोर उभं केलं आणि पडद्यावर एक तेजस्वी ठिपक्यांचा पुंजका दिसला, वाकड्या घेवड्याच्या शेंगेसारखा. ते त्यांचं पोट होतं. म्हणजे त्यांच्या पोटातली इडली होती, पण तिच्यामुळे पोटाचा आकार अंधारात उजळल्यासारखा दिसत होता. सासूबाई मान वळवून बघत राहिल्या. मी सशाचं आतडं पाहिलं होतं, पण जिवंत, बोलत्या, चष्मा लावलेल्या माणसाचं पोट त्याच्या कामाच्या जागी मी कधी पाहिलं नव्हतं. माझा नवरा एरवी कशानेही न हलणारा माणूस, तोही हलक्या आवाजात म्हणाला, “आई, हे तुझं आहे.”

दर तासाला पुन्हा उभं राहायचं. निरोगी माणसाचा पुंजका हळूहळू फिकट होत खाली उतरतो, असं तंत्रज्ञाने सांगितलं. आमचा उतरला नाही. एक तास, दोन तास, चार तास. शेंग होती तिथेच होती, कडा थोड्या अंधूक झाल्या एवढंच. सासूबाईंचा चेहरा पडत गेला. शेवटच्या वेळी त्या पडद्याकडे बघेचनात.

डॉक्टरने समजावलं. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पोटाला चालवणाऱ्या नसा मंदावतात. साखर नीट सांभाळायची, थोडं थोडं पाच-सहा वेळा खायचं, मऊ खायचं, तुपा-तेलाचं कमी. एक गोळी जेवणाआधी. मग तिने विचारलं, घरगुती काय घेता? सासूबाईंनी अभिमानाने यादी सांगितली.

“ओवा आणि पुदिना सध्या बंद,” डॉक्टर म्हणाली. “त्यांच्यामुळे हे झालेलं नाही, पण ते पोटाला ढिलं करतात. तुमचं आधीच ढिलं आहे. आल्याचा तुकडा घ्या हवं तर.”

परतताना बदरपूरच्या गर्दीत गाडी अडकली तेव्हा सासूबाई पहिल्यांदा बोलल्या. “तान्ह्या पोरांना देतो आपण ओवा. बाळंतिणीला देतो. आणि ही कालची मुलगी मला सांगते बंद करा.”

“आई, प्रयोगशाळेत मी स्वतः पाहिलंय—”

“तुझ्या त्या काचेच्या नळीला काय कळतं माझ्या पोटातलं?”

सरही हेच म्हणाले होते. गोळ्या त्या घेत होत्या, पण काढाही घेत होत्या. मला कळायचं, कारण स्वयंपाकघरात वास यायचा. नवऱ्याने एकदा डबा वरच्या फळीवर ठेवला. त्यांनी स्टूल घेऊन खाली काढला आणि दिवसभर आमच्याशी अबोला धरला. शेवटी मी सरांना विचारलं, सासूबाईंना एकदा घेऊन येऊ का?

“ले आइए,” सर म्हणाले. “और उनसे कहिए, अपना काढ़ा साथ लाएँ।”

हे मात्र सासूबाईंना पटलं. आपल्या काढ्याची परीक्षा होणार म्हणून त्या शनिवारी इस्त्रीची साडी नेसून आल्या, हातात काढ्याची बाटली आणि पुडीत सुंठ. प्रयोग मांडून तयार होता. त्यांनी आधी सगळं निरखलं.

“हे कुणाचं?”

“सशाचं.”

त्यांना ते आवडलं नव्हतं, आणि मलाही पहिले कित्येक दिवस आवडलं नव्हतं. मग काडी हलू लागली आणि त्या पुढे सरकल्या. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

“ससा तर गेला. मग हे कुणाच्या सांगण्यावरून चाललंय?”

मी सरांना हिंदीत सांगितलं. सर म्हणाले, “माताजी, इसका अपना दिमाग है। छोटा-सा। दीवार के अंदर।”

आतड्याच्या भिंतीत नसांचं बारीक जाळं असतं आणि ते स्वतःच ठरवतं, हे मी मराठीत समजावलं. सासूबाईंनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि त्या नळीला नमस्कार केला. देवळात करतात तसाच, डोळे मिटून. सरांनी मान खाली घातली. मला वाटतं त्यांनाही काही तरी झालं, कारण ते विनाकारण हवेची नळी तपासू लागले.

मग सरांनी आधी नुसतं उकळून गाळलेलं पाणी घातलं. डोंगर तसेच राहिले.

“पाणी का घातलं?” सासूबाईंनी विचारलं.

“म्हणजे पुढे जे होईल ते पाण्यामुळे झालं असं कोणी म्हणू नये,” मी म्हटलं.

“हे बरं केलंत. मी म्हटलंच असतं.”

मग त्यांच्या बाटलीतला काढा. थेंब मोजून सरांनी पिचकारी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी ती दाबली. काढा पाण्यात मिसळला, फिकट पिवळा झाला. एक डोंगर उठला, थोडा बुटका. दुसरा त्याहून बुटका. मग टेकड्या, मग नुसत्या सुरकुत्या. मग काडी सरळ रेघ ओढू लागली. खोलीत बुडबुड्यांचा आवाज तेवढा येत होता.

सासूबाई खुर्चीत बसल्या. “मारलं मी त्याला?”

“नाही आई. थांबा.”

मी पाणी बदललं. एकदा, दोनदा, तीनदा. काही वेळ काडी तशीच. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. मग रेघ जराशी उचलली गेली. त्यांनी हात आणखी घट्ट केला. टेकडी आली. डोंगर आला.

“आलं,” त्या म्हणाल्या. “आलं गं परत.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग म्हणाल्या, “म्हणजे मी इतके दिवस त्याला झोपवत होते. आणि ते बिचारं आधीच झोपलेलं.”

सर हिंदीत म्हणाले की हे इतकं सरळ नाही, प्याल्यावर काढा पातळ होतो, रक्तात जातो, त्याचं पुढे काय होतं ते या नळीला ठाऊक नसतं. मग त्यांनी सुंठीचं पाणीही घालून दाखवलं. त्यानेही आतडं थोडं शांतच केलं. सासूबाई गोंधळल्या. “मग डॉक्टरने आलं का चालेल म्हटलं?”

सरांनी सांगितलं की हाच सुंठीचा अर्क जठराच्या तुकड्यावर घातला तर तो तुकडा उलट आवळतो. एकच मूळ, वरच्या मजल्यावर एक काम करतं, खालच्या मजल्यावर दुसरं. असं का, हे त्यांनाही पुरतं माहीत नव्हतं. “चालीस साल से देख रहा हूँ,” ते म्हणाले, “रोज़ हैरान होता हूँ।” इतक्या वर्षांच्या माणसाने हे कबूल करावं, याचं मला फार नवल वाटलं. आमच्या घरात आणि कॉलेजात ज्यांना कळतं ते कधी चकित झालेले दिसत नसत.

त्या दिवसापासून सासूबाईंनी स्वतःपुरता काढा सोडला. दुपारी आल्याचा पातळ काप मिठाबरोबर, एवढंच. सहा वेळा वाटीभर खाणं त्यांना कमीपणाचं वाटे, पण त्या खात. मऊ भात, मुगाचं वरण, दुधीची भाजी. साखर मोजणं मी शिकले. उतार लगेच पडला नाही. दोन महिने तर मला वाटत होतं की काहीच होत नाहीये. मग एकदा मी ऑफिसातून आले तर त्यांनी सांगितलं, आज भूक लागली होती. किती महिन्यांनी हा शब्द घरात ऐकला, याचा नवऱ्याने हिशोब लावायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

डब्याचं काय झालं? डबा राहिला. पण आता कोणी दारात आलं की त्या आधी बसवत आणि चौकशी करत, त्यांच्या दिल्लीकर हिंदीत. “मरोड़ है या भारीपन? खाना खाने के बाद या खाली पेट? उल्टी में सुबह का खाना तो नहीं?” मुरडा असेल तर ओवा मिळे. जडपणा बऱ्याच दिवसांचा असेल, वजन उतरलं असेल, तर त्या डबा न उघडता म्हणत, “डॉक्टर के पास जाओ, बिल्कुल आज।” तळमजल्यावरच्या एका शिक्षिकेला त्यांनी असंच परत पाठवलं. ती रागावून गेली. नंतर तिला मोठा अल्सर निघाला, औषधोपचाराने ती बरी झाली आणि राखीला मिठाई घेऊन आली. सासूबाईंनी त्यातल्या एका बर्फीचा अर्धा तुकडा खाल्ला आणि उरलेला मला दिला.

कंपनीच्या मालकांना पाचक गोळ्यांच्या डब्यावर ‘पेट की हर तकलीफ़ के लिए’ असं छापायचं होतं. सरांनी लिहून दिलं की असं छापता येणार नाही, आणि पुढच्या वर्षी ते काम सोडून मुलाकडे गेले. मी तिथे आणखी तीन वर्षं होते.

सात-आठ महिन्यांनी डॉक्टरने पुन्हा तीच तपासणी सांगितली. तेच तळघर, तोच तंत्रज्ञ. या वेळी सासूबाईंनी पर्समधून कागदात बांधलेली मिठाची पुडी काढली, आणि त्याने हसत मानेनेच नाही म्हटलं. पहिल्या तासाला शेंग होती तशीच. दुसऱ्या तासाला खालचं टोक लांबट झालं. नवरा म्हणाला, आपल्याला वाटतंय तसं. तिसऱ्या तासाला वाटण्याचा प्रश्न उरला नव्हता. वरचा भाग फिकटला होता, आणि खाली, आतड्यात, ठिपक्यांची एक वळणदार वाट उतरत होती. निरोगी माणसाइतकी वेगाने नाही, हे डॉक्टरने नंतर स्पष्ट सांगितलं. गोळी आणि पथ्य कायमचं राहणार होतं, आणि ते राहिलंही.

पण त्या क्षणी सासूबाई यंत्रासमोर ताठ उभ्या होत्या, मान वळवून, श्वास रोखून.

“श्वास घ्या माताजी,” तंत्रज्ञ हिंदीत म्हणाला.

“थांब रे,” त्या मराठीतच म्हणाल्या, “जातंय ते. बघू दे मला.”